पोळ्याचा बैल का तडकतो?

खानदेशात पोळा जवळ आला की अंगणवाडीपासून चौथीपर्यंतची पोरं काळ्या मातीचे बैल करतात. संध्याकाळी बैल झकास दिसतो. सकाळी पाठीला उभी भेग, एक शिंग खाली आणि पोराचा गळा: "मना बैल तडकना!" मोठ्यांचं उत्तर ठरलेलं असतं, माती नीट मळली नाही. पोरानं माती बहुतेक वेळा बरी मळलेली असते. खोड मातीच्या अंगात आहे.

आपली काळी माती म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बेसाल्टचा, झिजून झालेला भुगा. त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना वहीच्या पानांसारखी. सिलिका, अॅल्युमिना, पुन्हा सिलिका असा तीन थरांचा एक पापुद्रा, आणि असे पापुद्रे एकावर एक. कोकणातल्या जांभ्या मातीत केओलिनाइट असतं. त्याचेही पापुद्रेच, पण ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात, मध्ये पाणी शिरत नाही. मॉन्टमोरिलोनाइटचे पापुद्रे एकमेकांना जेमतेम धरून असतात. पापुद्र्यांवर थोडा ऋण भार असतो, तो फेडायला मधल्या फटीत सोडियम, कॅल्शियमचे आयन (धन भाराचे कण) बसलेले असतात आणि या आयनांना पाण्याची ओढ असते. कोरड्या मातीत एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर साधारण १ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). पाण्याच्या रेणूंचा एक थर शिरला की सव्वा, दोन थर शिरले की दीड. म्हणजे वहीच्या प्रत्येक दोन पानांमध्ये आणखी एक अर्ध्या जाडीचं पान घातल्यासारखं. शिवाय कणाकणांच्या मध्ये पाणी असतंच. वाळताना यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि वही मिटते. उन्हाळ्यात शेताला पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

नुसतं आकसल्यानं बैल फुटत नाही. सगळा सारखा आकसला तर लहान बैल तयार होईल, एवढंच. बाहेरचा थर आधी वाळतो, आतला गाभा ओला आणि फुगलेलाच असतो. साल आवळायला बघते, गाभा आवळू देत नाही, शेवटी साल फाटते. जाडी दुप्पट झाली की आतलं पाणी बाहेर यायला साधारण चौपट वेळ लागतो, म्हणून जाड पोटाचा बैल आधी जातो. शिंग बारीक, ते तासाभरात वाळतं. डोकं ओलं. सांधा तुटणारच.

किती आकसते हे पोरांनाच मोजू द्यावं. ओल्या मातीची बोटभर जाड पट्टी थापायची, काडीनं बरोबर १० सेंमीची रेघ ओढायची, सावलीत पूर्ण वाळली की पुन्हा मोजायची. रेघ ९ सेंमी भरली तर लांबी १० टक्केच घटली, पण आकारमान सुमारे २७ टक्के घटलं (०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९). हा गुणाकार पाचवीच्या पुढच्यांसाठी. लहानग्यांना रेघ "आखूड झाली" एवढं पुरे.

आता मिश्रण. ४ वाट्या चाळलेली काळी माती रात्रभर भिजत ठेवायची, कारण पापुद्र्यांत पाणी शिरायला वेळ लागतो. सकाळी वरचं पाणी काढून २ वाट्या बारीक वाळू आणि मूठभर केळीचा धागा घालायचा. त्यासाठी केळीचं वाळलेलं सोपट (खोडाची साल) हातानं फाडून २ सेंमीचे तुकडे करायचे. ओलं सोपट नको, चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. वाळूचे कण आकसत नाहीत, ते एकमेकांना टेकून सांगाडा धरतात. धागा भेगेला टाक्यासारखा धरून ठेवतो. वाळू जास्त झाली तर कडा भुरभुरतात. गिरणा-तापीच्या काठची पोयट्याची माती असेल तर एकच वाटी वाळू घालून बघावी. कुंभार लीद घालतात, पोरांच्या हातात ती नको, तिच्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

पाय वेगळे चिकटवण्यापेक्षा एकाच गोळ्यातून ओढून काढावेत. टाकाऊ वस्तू वापरायची म्हणून प्लास्टिकच्या बाटलीवर माती थापली तर बैल फुटलाच म्हणून समजा, बाटली आकसत नाही. पोटात चुरगाळलेल्या वर्तमानपत्राचा सैल बोळा चालतो, तो दबतो. शिंगांना पऱ्हाटीची काडी लावायची तर माती अर्धी वाळल्यावर, काडीपेक्षा थोडं मोठं भोक पाडून. बैल वाळूच्या पातळ थरावर ठेवावा म्हणजे पाय आकसताना सरकतील. वर जुन्या लुगड्याचं ओलसर फडकं. पोळ्याला हवा दमट असते, काम निभतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पारा ४२-४४ वर असताना हेच केलं तर गोणपाट दिवसातून तीनदा भिजवावं लागेल.

बाजारात "केमिकल-फ्री माती" छापून पाकिटं मिळतात. माती हे केमिकलच आहे. आणि मातीत खेळल्यानं अंगातलं "विष" ओढलं जातं हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. उलट नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. गुंज, एरंड आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया विषारी आहेत, बैलाचे डोळे करायला त्या देऊ नयेत. चिंचोका विषारी नाही, पण तीन वर्षांखालच्या पोरानं नाकात घातला तर तिथल्या ओलाव्यानं फुगतो आणि निघता निघत नाही. त्याऐवजी ठिबकच्या जुन्या नळीच्या चकत्या दाबून डोळ्याचा ठसा उठवावा, चकती परत ताईंच्या डब्यात. खतं सोडलेली नळी आधी आतून-बाहेरून धुवावी, फवारणीच्या औषधाचे डबे मात्र कितीही धुतले तरी नकोत. माती ताज्या फवारणीच्या कपाशीतली नको, आणि खेळ झाला की हात साबणानं.

तडकलेला बैल फेकू नये, भाजलेला नसतो तोवर त्याची परत माती होते. मात्र आधी तो कडक उन्हात पूर्ण वाळवून फोडावा आणि मग पाण्यात टाकावा. वाळलेले तुकडे बुडबुडे सोडत पाहता पाहता विरघळून पडतात, कारण पाणी आत घुसताना अडकलेली हवा आणि फुगणारे पापुद्रे ढेकूळ आतूनच फोडतात. अर्धा ओला बैल बादलीत टाकाल तर दुसऱ्या दिवशीही तो तसाच बसलेला असतो.