वेदनाशमन सेवांची गुणवत्ता हमी

दुखण्यावरील उपचार ठरलेल्या मानकांप्रमाणे होतात की नाही हे वरचेवर तपासून उणिवा दूर करण्याची पद्धत. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली रचना, प्रक्रिया आणि परिणाम ही तीन अंगे तिचा पाया मानली जातात. औषधसाठा, उपकरणे, प्रशिक्षित कर्मचारी ही झाली रचना. ती मोजायला सोपी, म्हणून अहवालांत तिचाच भरणा जास्त.

खरी परीक्षा प्रक्रियेत, म्हणजे रुग्णाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या सेवेत होते. रुग्णाला शून्य ते दहा या पट्टीवर दुखणे विचारतात. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रे वापरतात. केसपेपरवर सकाळी आठला ‘वेदना ७’, त्याखाली इंजेक्शन दिल्याची सही आणि पुढची नोंद थेट दुपारी दोनची असेल, तर औषध देऊनही सेवा नापास. शिरेतून औषध दिल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांनी, तोंडावाटे दिल्यावर तासाभराने पुन्हा विचारायला हवे. मॉर्फिन या अफूजन्य वेदनाशामकाने बद्धकोष्ठता होते म्हणून सोबत रेचक लिहिले का, श्वासाची गती पाहिली का, उताराचे नॅलोक्सोन वॉर्डात आहे का, हेही तपासले जाते. नुसता आकडा खाली आणणे हे उद्दिष्ट ठेवणे मात्र धोक्याचे. अमेरिकेत वेदनेला नाडी, श्वास, ताप, रक्तदाब यांच्या जोडीचे ‘पाचवे जीवनलक्षण’ मानण्याचा आग्रह अफूजन्य औषधांच्या अतिवापराला हातभार लावतो अशी टीका झाली, आणि २०१६ मध्ये तिथल्या वैद्यक संघटनेने (एएमए) या आग्रहाला असलेला पाठिंबा काढून घेतला.

भारतात अडचण बरीचशी उलटी होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी झाली; साठ्याचा काटेकोर हिशेब मात्र सुटला नाही. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या मानकांत वेदनेची तपासणी व उपचार यांचा समावेश आहे.

गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) राज्यातल्या डिचोली-सत्तरीप्रमाणेच महाराष्ट्रातल्या दोडामार्ग, सावंतवाडी आणि कर्नाटकातल्या कारवारकडचेही रुग्ण येतात. कर्करोगाचा रुग्ण सीमेपलीकडे घरी गेला, की घरी जातानाचा वेदनेचा आकडा परिणाम म्हणून पुरत नाही. गोळ्या संपल्यावर पुढच्या कुठून मिळणार, रात्री दुखणे वाढले तर घरच्यांनी कुणाला फोन करायचा, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत किंवा कोंकणीत लिहिले आहे का, तेही तपासणीत धरावे लागते.