सूक्ष्मजीव तेल

सूक्ष्मजीव तेल म्हणजे यीस्ट, बुरशी, शेवाळ असल्या जीवांच्या पेशीत साठलेलं तेल, सिंगल सेल ऑइल म्हणतात ते हेच. मराठवाड्यात तेल म्हटलं की करडई, सोयाबीन, सरकी आठवते, पण ह्याला ना वावर लागतं ना पाऊस, स्टीलची टाकी लागते आणि खायला साखर. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांवर तेल साठवलं की तो जीव तेलकट गटात धरतात, म्हणजे जवळपास सोयाबीनच्या दाण्याएवढं, आणि ही तर नुसती पास व्हायची अट झाली, लिपोमायसीससारखं यीस्ट ६० टक्क्यांपर्यंत जातं.

तेल साठतं ते अर्धवट उपाशी ठेवल्यावर. साखर भरपूर द्यायची आणि नायट्रोजन संपू द्यायचा, मग प्रथिनं बनत नाहीत, नवीन पेशी होत नाहीत पण साखर आत येतच राहते, सायट्रिक ॲसिड साचतं, ते एटीपी सायट्रेट लायेज नावाचं एन्झाइम फोडतं आणि त्यातनं फॅटी ॲसिडचा, म्हणजे तेल ज्या साखळ्यांचं बनतं त्यांचा, कच्चा माल निघतो. पावाच्या यीस्टकडं हे एन्झाइमच नाही, त्यामुळं त्याला कितीही साखर चारा, अंगाला लागत नाही! लिपोमायसीसला नाईल रेड रंग लावून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली धरला की पेशीत एकच मोठा थेंब सोनेरी चमकताना दिसतो, बाकीचा सगळा संसार कडेला ढकललेला.

खरी गंमत म्हणजे हे तेल पाहिजे तसं शिवून घेता येतं. साबणाला लॉरिक फॅटी ॲसिडचं, तळणाला ओलिकचं, चॉकलेटला कोकोच्या लोण्यासारखं. फॅटी ॲसिडची साखळी कुठं तोडायची हे थायोएस्टरेज नावाचं एन्झाइम ठरवतं, त्यात दुहेरी बंध कुठं घालायचा हे डीसॅच्युरेज नावाचं, म्हणजे त्यांचा जीन बदलला की तेल बदललं. करडईत हेच करायचं तर ब्रीडिंगवाल्यांचे कितीतरी रब्बी हंगाम जातात, टाकीतली बॅच काही दिवसांत उरकते. पुढं पेशी फोडून तेल काढायला बऱ्याचदा हेक्झेन हा तेल विरघळवणारा द्रवच, आपल्याकडं सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये असतं तेच.

महायुद्धांच्या काळात जर्मनीत चरबीची टंचाई होती तेव्हापासून हे प्रयत्न चालू आहेत. विकायला पहिलं तेल आलं १९८५ ला इंग्लंडात, म्यूकर बुरशीचं, गॅमा लिनोलेनिक ॲसिडवालं. नंतर सोलाझाइम कंपनीनं प्रोटोथेका ह्या शेवाळाला, जे हिरवं नसतंच आणि अंधारात साखरेवर वाढतं, वनस्पतींचे जीन घालून ऑर्डरप्रमाणं तेलं बनवली, ब्राझीलमध्ये मोएमाला साखर कारखान्याला लागूनच प्लांट टाकला. तरी गणित बसलं नाही, नाव बदलून टेराव्हिया केलं आणि २०१७ ला दिवाळखोरी.

आता लातूर, धाराशिव, बीडकडच्या कारखान्यांची मळी बघून कुणालाही वाटणारच की इथं हा धंदा का नको. १०० ग्रॅम ग्लुकोजपासून कागदावर ३२-३३ ग्रॅम तेल निघू शकतं, हातात साधारण २० पडतं. म्हणजे किलोभर तेलाला ५ किलो साखर, मळीत निम्मी साखर धरली तर १० किलो मळी, वर टाकीत हवा मारायची वीज वेगळी, आणि त्याच मळीला डिस्टिलरी आधीच इथेनॉलसाठी टपलेली. सोयाबीन तेलाच्या भावात हे परवडत नाही, बाळाच्या दूध पावडरीत पडणाऱ्या डीएचए ह्या ओमेगा-३ फॅटी ॲसिडच्या भावात परवडतं, म्हणून शेवाळाचं डीएचए बाजारात टिकलंय.