मॅनेजरांचा वाद (नाशिकमधील फुटबॉल चाहते)

युरोपातल्या एखाद्या क्लबचे नाशिककर चाहते त्या क्लबच्या माजी मॅनेजरांची (म्हणजे संघ निवडणाऱ्या आणि चालवणाऱ्या मुख्य माणसांची) आठवण काढतात, त्यांची तुलना करतात आणि 'सगळ्यांत मोठा कोण' यावर हमरीतुमरीवर येतात. त्या चर्चेला उद्देशून ही नोंद आहे. मेसी की रोनाल्डो हा वाद नववी-दहावीच्या मुलांचा आणि मॅनेजरांचा वाद मुरलेल्या चाहत्यांचा, अशी इथे सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच चुकीची नाही. खेळाडूचा गोल डोळ्यांना दिसतो. मॅनेजरने कोणाला विकले, कोणाला बाकावर बसवले आणि त्याचे फळ तीन वर्षांनी कसे आले, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

नाशिकचा स्वतःचा संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही. त्यामुळे इथली क्लबनिष्ठा घरातून किंवा गल्लीतून आलेली नाही, ती टीव्हीवरून आली. केबलवर ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स दिसू लागल्यावर जो क्लब जिंकताना दिसला, तो त्या पिढीचा झाला. म्हणून वादाला बसलेल्यांच्या वयावरून पक्षाचा अंदाज बांधता येतो. 1999 चे तिहेरी यश (एकाच हंगामात लीग, एफए कप आणि युरोपचा चषक) पाहिलेले मँचेस्टर युनायटेडचे, 2003-04 चा अपराजित हंगाम पाहिलेले आर्सेनलचे, त्यानंतर लगेच मोरिन्योच्या चेल्सीचे, 2005 च्या इस्तंबूलमधल्या युरोपच्या अंतिम सामन्याच्या रात्रीनंतर लिव्हरपूलचे आणि 2008 ते 2012 मधले ग्वार्डिओलाच्या बार्सिलोनाचे. अपवाद असतात, पण थोडे.

वेळ आणि जागा

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी 3 ला सुरू होणारा सामना नाशिकमध्ये हिवाळ्यात रात्री 8:30 ला आणि उन्हाळी वेळ लागू असताना 7:30 ला दिसतो. इंग्लंडमधली घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. ते विसरणाऱ्याचा पहिला गोल हमखास चुकतो किंवा तो तासभर आधीच येऊन बसतो. चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या मुख्य स्पर्धेचे, मोठे सामने 2018 पासून हिवाळ्यात पहाटे 1:30 ला आणि एप्रिल-मेमध्ये 12:30 ला दिसत आले, त्याआधी पंधरा मिनिटे लवकर. 1999 चा बार्सिलोनातला अंतिम सामना 26 मे रोजी झाला, पण आपल्याकडे तो 27 मेला 12:15 वाजता सुरू झाला. त्यामुळे 'मी तो 26 तारखेला संध्याकाळी पाहिला' असे कोणी म्हणाले, की जाणकार गालातल्या गालात हसतात.

खरा वाद सामन्याच्या रात्री होत नाही, कारण रात्री सगळे चालू मॅनेजरला शिव्या घालण्यात गुंतलेले असतात. माजी मॅनेजर निघतात ते रविवारी सकाळी, मिसळीच्या टेबलावर, किंवा कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या टपऱ्यांवर. संघ हरला असेल तर जास्तच निघतात.

आधी काय ठरवायचे

बहुतेक वाद फसतात ते 'थोर' म्हणजे काय हे न ठरवल्यामुळे. एक जण ट्रॉफ्या मोजत असतो, दुसरा क्लब कुठून कुठे नेला ते सांगत असतो, तिसऱ्याला फक्त खेळाची शैली दिसत असते आणि तिघांनाही वाटते की आपण एकाच प्रश्नाचे उत्तर देतो आहोत. अनुभवी मंडळी म्हणून निकष आधी वेगळे काढतात: काय हाती आले, काय जिंकले, काय मागे ठेवले. चौथा निकष म्हणजे 'पाहायला मजा आली का'. त्यावर एकमत होत नाही आणि होऊ नये.

मॅनेजर म्हणायचे कोणाला, हेही आधी ठरवावे. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ मॅनेजर खेळाडूंच्या खरेदी-विक्रीपासून सगळे पाहत असे. स्पेन-इटलीत तो मुख्यतः प्रशिक्षक, खरेदी दुसऱ्याच्या हातात. मँचेस्टर युनायटेडचा फर्ग्युसन आणि बार्सिलोनाचा ग्वार्डिओला यांना एकाच मापाने मोजताना ही गोष्ट निसटते. हंगामी मॅनेजरचाही तिढा असतो. रॉबेर्तो दि मातेओ मार्च 2012 मध्ये चेल्सीवर तात्पुरता आला आणि मे महिन्यात म्युनिकमध्ये युरोपचा चषक घेऊन गेला. ट्रॉफ्या मोजणारा त्याला डोक्यावर घेतो, बांधणी मोजणारा त्याचे नावही काढत नाही. किमान दोन पूर्ण हंगाम ही अट लावली, तर हा घोळ सुटतो.

आकड्यांचा हिशोब

सर्वांत जास्त चुका ट्रॉफ्या मोजताना होतात. फर्ग्युसनच्या मँचेस्टर युनायटेडमधल्या 38 ट्रॉफ्या सगळ्यांना पाठ असतात. त्यांत 10 कम्युनिटी शील्ड आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. हंगामाच्या सुरुवातीचा तो एका सामन्याचा चषक आहे. उरलेल्या 28: लीग 13, एफए कप (इंग्लंडचा बाद पद्धतीचा मुख्य चषक) 5, लीग कप 4, युरोपचा मुख्य चषक 2 (1999 आणि 2008), आणि कप विनर्स कप, सुपर कप, इंटरकॉन्टिनेंटल कप, क्लब वर्ल्ड कप प्रत्येकी 1. लिव्हरपूलच्या बॉब पेझलीच्या 20 पैकी 6 शील्ड, म्हणजे उरल्या 14: लीग 6, युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचे जुने नाव) 3 (1977, 1978, 1981), लीग कप 3, यूएफा कप (युरोपातली दुय्यम स्पर्धा) 1, सुपर कप 1. फर्ग्युसनचे 28 साडेसव्वीस हंगामांत, पेझलीचे 14 नऊ हंगामांत. दर हंगामी पाहिले तर पेझली दीडच्या वर जातो आणि फर्ग्युसन एकाच्या जरासा पुढे राहतो. एफए कप मात्र पेझलीला कधीच मिळाला नाही. युनायटेडवाल्यांनी हे वाक्य राखून ठेवलेले असते.

गुणांची तुलना त्याहून फसवी. इंग्लंडमध्ये विजयाला 3 गुण 1981-82 पासून मिळू लागले, त्याआधी 2 मिळत. शिवाय तेव्हा वरच्या विभागात 22 संघ आणि 42 सामने असत, आता 20 संघ आणि 38 सामने. म्हणून जुने हंगाम नव्या हिशोबात बसवून टक्केवारी काढावी लागते. रीत साधी आहे: विजय गुणिले 3, अधिक बरोबरी, भागिले एकूण सामने गुणिले 3.

पेझलीचा 1978-79 चा हंगाम घ्या. 30 विजय, 8 बरोबरी, 4 पराभव, तेव्हाचे गुण 68. नव्या हिशोबात 98. शक्य गुण 126. म्हणजे जवळपास 78 टक्के. वेंगरचा 2003-04 चा आर्सेनल संघ: 26 विजय, 12 बरोबरी, पराभव शून्य, 90 गुण, 79 टक्के. मोरिन्योचा 2004-05 चा चेल्सी संघ: 29 विजय, 8 बरोबरी, 1 पराभव, 95 गुण, 83 टक्के. क्लॉपचा 2019-20 चा लिव्हरपूल संघ: 32 विजय, 3 बरोबरी, 3 पराभव, 99 गुण, सुमारे 87 टक्के. अपराजित हंगाम या यादीत वरचा नाही, हे आर्सेनलवाल्यांना पचत नाही. 12 बरोबऱ्यांमध्ये 24 गुण गेले, त्याला इलाज नाही.

बचावाचा हिशोबही सामन्यामागे करावा. मोरिन्योने 38 सामन्यांत 15 गोल खाल्ले हा विक्रम सगळे सांगतात. पेझलीच्या संघाने 1978-79 मध्ये 42 सामन्यांत 16 खाल्ले. सामन्यामागे काढले तर पेझलीचा आकडा किंचित कमी भरतो. चेल्सीचा चाहता यावर 'तेव्हाची गोष्ट वेगळी होती' म्हणतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. 1992 पर्यंत आपल्याच खेळाडूने पायाने दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत असे. आघाडी घेतलेल्या संघाला वेळ काढणे त्यामुळे फार सोपे होते.

युरोपचा चषक मोजतानाही काळ पाहावा लागतो. जुन्या युरोपियन कपमध्ये देशाचा विजेता संघ आणि आदल्या वर्षीचा चषकविजेता एवढेच खेळत आणि पहिल्या फेरीपासून बाद पद्धत असे. सामने कमी होते, पण एक वाईट रात्र पुरे होई. ब्रायन क्लफने नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1979 आणि 1980 असा सलग दोनदा हा चषक जिंकून दिला. आज त्या आकाराच्या क्लबला ते जवळजवळ अशक्य आहे. उलट ब्रसेल्सच्या हेझेल मैदानातल्या दुर्घटनेनंतर 1985 ते 1990 इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी होती. त्या काळात लिव्हरपूलचा खेळाडू-मॅनेजर केनी डाल्ग्लिश याने 1986, 1988 आणि 1990 ला लीग जिंकली, पण युरोपात त्याला जाताच आले नाही. त्याच्या खात्यावर तिथे शून्य दिसते ते एवढ्यामुळे.

वारशाचा प्रश्न

वादाचा सर्वांत कसदार भाग हा. मॅनेजरला काय मिळाले आणि त्याने काय ठेवले, यावर एकाच ट्रॉफीचे दोन दावेदार निघतात.

वेंगर 1996 मध्ये आर्सेनलला आला तेव्हा ॲडम्स, डिक्सन, विंटरबर्न, कीऑन, बोल्ड ही बचावफळी पूर्वीचा मॅनेजर जॉर्ज ग्रॅहम याच्या काळापासून तयार होती. 1998 ची लीग आणि एफए कप त्या पायावर उभे राहिले. ग्रॅहमच्या बाजूने बोलणारा नाशिकमध्ये क्वचित सापडतो, कारण 1989 मध्ये लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर 2-0 ने जिंकून मिळवलेली लीग इथे कोणी थेट पाहिलेली नसते. त्याहून मागे हर्बर्ट चॅपमन. हडर्सफिल्डला 1924 आणि 1925 मध्ये लीग जिंकून देऊन तो आर्सेनलला गेला, तर हडर्सफिल्डने त्याच्यामागे 1926 मध्ये तिसरीही जिंकली. आर्सेनललाही त्याने 1931 आणि 1933 मध्ये लीग मिळवून दिली.

लिव्हरपूलची साखळी आणखी गुंतागुंतीची. बिल शँक्ली डिसेंबर 1959 मध्ये आला तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात होता. 1962 मध्ये तो वर आला. पुढे तीन लीग, दोन एफए कप आणि एक यूएफा कप. पेझली हा त्याचाच सहकारी, पुढे त्याच्या जागी आलेला. शँक्लीशिवाय पेझली नाही, असे म्हणणारे चूक नाहीत. पण हाच तर्क पुढे नेला की क्लॉपची पाळी येते: तो मे 2024 मध्ये गेला आणि पुढच्याच हंगामात आर्ने स्लॉटने मुख्यतः त्याच्याच संघानिशी लीग जिंकली. ती कोणाच्या खात्यावर टाकायची? लिव्हरपूलचे चाहते इथे आपसांतच फुटतात. ट्रॉफी जिंकणाऱ्याच्या नावावर आणि संघबांधणी आधीच्याच्या नावावर, अशी दोन खाती ठेवणे त्यातल्या त्यात बरे.

फर्ग्युसनबाबत हा निकष दोन्हीकडून कापतो. नोव्हेंबर 1986 मध्ये तो आला तेव्हा संघ 22 मध्ये 21 वा होता. 1989-90 मध्येही तो 13 वाच राहिला, पहिली ट्रॉफी त्या हंगामाचा एफए कप. आजच्या मॅनेजरला एवढी सवड कोणी देत नाही, हे त्याच्या समर्थकांनीही मान्य करावे. 2013 मध्ये तो लीग जिंकून गेला आणि पुढच्याच हंगामात डेव्हिड मॉइजचा संघ 7 वा आला. 'फर्गीशिवाय क्लब कोसळला, म्हणून तो थोर' आणि 'फर्गीने म्हातारा संघ मागे ठेवला' ही दोन्ही वाक्ये याच एका आकड्यावर उभी आहेत. युनायटेडचा जुना मॅनेजर मॅट बझबी याचे समर्थक इथे पुढे येतात. 6 फेब्रुवारी 1958 च्या म्युनिक विमान अपघातात त्याचे आठ खेळाडू गेले, तो स्वतः मरता मरता वाचला, आणि दहा वर्षांनी, 1968 मध्ये, नव्या संघासह त्याने वेंब्लीवर बेन्फिकाला 4-1 ने हरवून युरोपियन कप जिंकला. बांधणीचा निकष लावला तर बझबीला मागे टाकणे कठीण आहे. ट्रॉफ्यांचा लावला तर तो फर्ग्युसनच्या आसपासही येत नाही.

वाद बिघडतो कुठे

न पाहिलेल्या काळावर ठाम बोलणे हा पहिला दोष. पण पाहिलेल्या काळाचेही नीट आठवत नाही. वेंगरला 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून झालेल्या 8-2 च्या पराभवावर तोलणारे, 2006 मध्ये नव्या मैदानात गेल्यावर क्लबने खर्च आवळला होता, हे सोडून देतात. दुसरा दोष म्हणजे क्लब बदलल्यावर जुने पुण्य पुसणे: मोरिन्यो टॉटनहॅमला गेला म्हणून त्याची चेल्सीतली तीन लीग विजेतेपदे कमी होत नाहीत. तिसरा, फर्ग्युसनचा हिशोब मँचेस्टरपासून सुरू करणे. ॲबर्डीनला त्याने तीन स्कॉटिश लीग जिंकून दिल्या आणि 1983 मध्ये रेआल माद्रिदला 2-1 ने हरवून कप विनर्स कप आणला. क्लबपुरता वाद असेल तर हे बाहेर ठेवावे, माणसापुरता असेल तर आत घ्यावे.

जवळचे क्लब

भारतीय क्लबांच्या मॅनेजरांवर नाशिकमध्ये वाद कमी होतात, हे थोडे खटकणारे आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरा यांच्या हाताखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. तो क्लब 2010 मध्ये बंद झाला आणि त्याच्याबरोबर ती आठवणही विरली. आता मुंबई सिटीमुळे चित्र थोडे बदलले आहे. सेर्जिओ लोबेराने 2020-21 मध्ये एकाच हंगामात इंडियन सुपर लीगची शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्याची) आणि चषक (शेवटच्या बाद फेऱ्यांचा) दोन्ही जिंकले, पण कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. डेस बकिंगहॅमच्या काळात, एप्रिल 2022 मध्ये, मुंबई सिटी एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला, आणि 2022-23 ची शील्डही त्यांनी घेतली. पेत्र क्रात्कीने मे 2024 मध्ये अंतिम सामन्यात मोहन बागानला 3-1 ने हरवले. चार हंगामांत तीन मॅनेजर आणि तिघांच्याही नावावर काहीतरी, त्यामुळे इथे वारशाचा प्रश्न लिव्हरपूलइतकाच रंगू शकतो. लोबेराचे समर्थक दोन ट्रॉफ्या दाखवतात, बकिंगहॅमचे आशियातला तो विजय. अंधेरीचे मैदान नाशिकहून गाडीने चार-पाच तासांवर आहे आणि सामना संपल्यावर रात्रीच परत निघावे लागते. तरी लोबेराचा हंगाम सोडला तर बाकी दोघांचे संघ प्रत्यक्ष मैदानात जाऊन पाहिलेले चाहते नाशिकमध्ये मिळू शकतात, आणि फर्ग्युसन-पेझलीबद्दल इथल्या फारच थोड्यांना तसे म्हणता येईल.