कुठे उतरणार? : विशीतला आत्मविश्वास नेमका येतो कुठून

लोकलच्या लेडीज डब्यात बसायला जागा मिळवायची एक ठरलेली रीत आहे. आत शिरलं की बसलेल्या एकेकीला विचारत जायचं, "कुठे उतरणार?" एखादी म्हणते "सीएसटी", तिला सोडून पुढे सरकायचं. एखादी म्हणते "घाटकोपर". मग तिच्यासमोर पाय रोवून उभं राहायचं. नंतर दुसरी कुणी विचारायला आली, तर बसलेलीच तिला सांगते, "माझी जागा दिलीय हं."

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या आठच्या सुमाराच्या डोंबिवली फास्टला एक नवी मुलगी यायला लागली. बावीस-तेवीस वर्षांची, संगमेश्वरकडची, नोकरी लागली म्हणून आत्याकडे राहायला आलेली. पहिले तीन आठवडे ती डोंबिवलीपासून भायखळ्यापर्यंत रोज उभी. तिच्या नाकासमोरची बाई घाटकोपरला उठायची आणि मागून हात घालून दुसरीच कुणी बसायची. एकदा मी न राहवून म्हटलं, "अगं, विचारत का नाहीस?" ती म्हणाली, "विचारणारच होते काकू. मनात तीनदा म्हणून बघितलं. मग वाटलं, सगळ्या बघतील."

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. 'सगळ्या बघतील' या भीतीचं शरीरात काय होतं, हे विज्ञानाला आता बरंच नीट कळलेलं आहे. ते विशीतल्या मुलींपर्यंत मात्र फारसं पोचत नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो तो फक्त उपदेश : कॉन्फिडंट राहा.

१९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाला प्रयोगशाळेत हमखास ताण देण्याची एक पद्धत बसवली. ती आजही जगभर वापरतात. सहभागी माणसाला थोडा वेळ तयारीला द्यायचा. मग त्याने परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायचं, मीच या नोकरीला कसा योग्य आहे ते. त्यानंतर पाच मिनिटं तोंडी गणित : १०२२ मधून १३ वजा करत उलटं यायचं, चुकलं की पुन्हा १०२२ पासून. या सगळ्या वेळात परीक्षकांनी चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, मान डोलवायची नाही, हसायचं नाही. फक्त बघत राहायचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गिरगावातली आमची बाहेरची खोली आठवली. मी चोवीस वर्षांची, पोह्यांच्या बशा, समोर पाच अनोळखी माणसं. "उंची किती?" "लग्नानंतर नोकरी करायचा विचार आहे का?" मी उत्तर दिलं की कुणी 'बरं' म्हणायचं, कुणी तेही नाही. मुलाची आई माझ्या पायांकडे बघत होती. मी व्यवस्थित बोलले, व्यवस्थित हसले. मंडळी गेली, आणि नंतर मोरीत बशा विसळताना मला एकदम रडू कोसळलं. आई म्हणाली, "आता काय झालं? झालं की सगळं नीट."

या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींकडे आहे. ताण आला की त्यांतून ॲड्रेनलिन काही सेकंदांत रक्तात उतरतं. छातीत धडधडतं, तळहात ओले होतात. दुसरं संप्रेरक कॉर्टिसॉल. ते सावकाश येतं, कारण त्याचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला आणि पिट्युटरीकडून या ग्रंथींना असा टप्प्याटप्प्याने पोचतो. ताण सुरू झाल्यापासून वीस ते चाळीस मिनिटांनी ते सर्वांत वर जातं. म्हणजे पाहुणे जिना उतरून गेले तरी शरीराची परीक्षा अजून चालूच असते. 'झालं की सगळं' हे घराला कळलेलं असतं, रक्ताला नाही.

२००४ मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला. कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त केव्हा वाढतं? दोन गोष्टी एकत्र आल्या की. कुणीतरी आपल्याला जोखत असतं आणि निकाल आपल्या हातात नसतो. काम नुसतं अवघड असलं म्हणून ते तितकं वाढत नाही.

आता या दोन अटी घेऊन मुंबईतल्या एखाद्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या आठवड्याकडे बघा. प्रोबेशन चालू आहे, कायम करायचं की नाही ते साहेब ठरवणार. खोली भाड्याने हवी, तर घरमालक विचारतो, "एकटीच राहणार? रात्री किती वाजता येणार?" रविवारी स्थळ बघायला येणार, पत्रिका जुळते की नाही ते तिसराच कुणी सांगणार. जोखणारे वेगवेगळे, निकाल एकाही ठिकाणी तिच्या हातात नाही. म्हणून एखादी विद्यार्थिनी "मॅडम, मला कॉन्फिडन्सच नाही" असं म्हणत आली, की मी तिला आधी विचारते, सध्या तुझी परीक्षा किती जण घेतायत? बोटांवर मोजता मोजता तिचाच चेहरा बदलतो. आपल्यात काही कमी आहे असं तिला वाटत असतं. खरं तर तिचं शरीर त्याचं काम चोख करत असतं.

पण बघणारे खरंच तितके असतात का? २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावून त्यांना भरलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज होता, साधारण निम्म्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं होतं. बाकीचे आपापल्या विचारात.

हा प्रयोग मी वर्गात सांगते, पण लगेच एक गोष्ट जोडते. मुंबईच्या फलाटावर मुलींकडे रोखून बघणारे असतात, हा काही भास नाही. "कुणी बघत नाही गं" असं त्यांना सांगणं खोटं ठरेल. सतत बघितलं जाण्याचा अनुभव असलेल्या मुलीला जिथे कुणी बघत नाही तिथेही डोळेच दिसले, तर नवल नाही. संगमेश्वरच्या त्या मुलीचं तेच झालं होतं. लेडीज डब्यात एक बाई मेथी निवडत होती, एक स्तोत्र म्हणत होती, तिघी भिशीचा हिशेब करत होत्या आणि निम्म्या डब्याची झोप उरलेली होती.

विशीत आपण मागे पडलोय असं वाटणाऱ्या प्रत्येकीला मला एक आलेख दाखवावासा वाटतो. २०१८ मध्ये उलरिख ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी माणसाचा आत्मसन्मान वयानुसार कसा बदलतो ते पाहिलं. त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा प्रश्न विचारलेले ३३१ गट, एकूण १ लाख ६४ हजारांवर माणसं. अकरा ते पंधरा या वयात रेघ आडवी चालते. पंधरापासून तिशीपर्यंत ती ठळकपणे चढते, मग साठीपर्यंत सावकाश चढत राहते. त्याआधी २०१६ मध्ये ४८ देशांतल्या जवळजवळ १० लाख लोकांच्या अभ्यासात दिसलं होतं, की बायकांची सरासरी पुरुषांपेक्षा खाली असते, पण वाढत्या वयाबरोबर चढतात दोघंही. सरासरी म्हणजे प्रत्येकीची कहाणी नव्हे, हे मान्य. तरीही पंचविशीतल्या ज्या मुलीला आपण खड्ड्यात आहोत असं वाटतं, ती बहुतेक वेळा चढणीवर असते. दम लागतो तो त्यामुळेही.

मेंदूचंही थोडं सांगायला हवं, कारण 'पंचविसाव्या वर्षी मेंदू पूर्ण होतो' असा फॉरवर्ड सगळीकडे फिरतो. कपाळामागचा भाग, म्हणजे नियोजन करणारा आणि भावनांना आवर घालणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हा मेंदूत सगळ्यात उशिरा पिकणाऱ्या भागांपैकी आहे. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढणं आणि नको असलेल्या जोडण्यांची छाटणी होणं ही कामं तिथे विशीतही चालू असतात. पण पंचवीस ही काही मेंदूने आखलेली रेघ नाही. त्या वाढदिवसाची वाट बघण्यात अर्थ नाही, आणि तो उलटून गेला म्हणून घाबरण्यातही नाही.

मग ती चढण चढवतं कोण? नुसतं वय तर नक्कीच नाही. १९७७ मध्ये अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 'मला हे जमेल' हा विश्वास कुठून येतो याचे चार उगम सांगितले : स्वतः करून बघणं, आपल्यासारख्या कुणाला करताना बघणं, दुसऱ्याने धीर देणं आणि शरीराच्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यांत सगळ्यात पक्का पहिला. आपण नेमकं उलटं समजतो. आधी आत्मविश्वास येऊ दे, मग विचारू, मग अर्ज करू, मग गाडी शिकू. बांडुराच्या मांडणीत आधी करणं येतं. तेही एकदम मोठं काही नाही, हाताच्या अंतरावर असलेलं.

हे समजावताना मला नेहमी सुरेखा यादव आठवतात. १९६५ साली सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. विशीतच, १९८९ मध्ये, त्या सहायक चालक झाल्या. १९९६ मध्ये मालगाडी हातात आली, २००० मध्ये मुंबईची लोकल. त्यानंतर घाटातलं इंजिन. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली आणि २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. आपल्याला फोटो दिसतो तो वंदे भारतचा. मला त्यात सात वर्षांची सहायकी आणि मग मालगाडी जास्त महत्त्वाची वाटते. आधीची प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा पुरावा होती.

पण करून बघितलं आणि आपटलो तर? पुष्कळदा आपटतोच. अशा वेळी मराठी घरात मायेने एक वाक्य म्हटलं जातं, "तू हुशारच आहेस गं, नको वाईट वाटून घेऊ." २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युलियाना ब्रेइन्स आणि सेरेना चेन यांनी जवळपास हेच वाक्य तपासलं. विद्यार्थ्यांना शब्दांची फार कठीण परीक्षा दिली. नंतर एका गटाला सांगितलं, तुम्ही हुशार आहात म्हणून तर या विद्यापीठात आलात. दुसऱ्या गटाला सांगितलं, ही परीक्षा बऱ्याच जणांना जड जाते, स्वतःशी फार कठोर होऊ नका. तिसऱ्याला काहीच नाही. पुढच्या परीक्षेआधी हवा तितका वेळ अभ्यासाला दिला, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ अभ्यास केला तो दुसऱ्या गटाने.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून भीती घातलेली असते, की स्वतःला माफ केलंस तर ढिली पडशील. इथे उलटंच दिसलं. 'हुशार आहेस' म्हटलं की पुढच्या वेळी हुशारी टिकवायची जोखीम येते. 'सगळ्यांनाच जड गेलं' म्हटलं की मनातला परीक्षक क्षणभर खाली बसतो आणि पेपर पुन्हा उघडता येतो. स्वतःला स्वीकारणं म्हणजे आहे त्यात समाधान मानणं नव्हे. स्वतःशी चाललेली मारामारी थांबली की हात कामाला मोकळे होतात, एवढंच.

'सगळ्यांनाच जड जातं' हे मुलीला कळणार कुठून, हा खरा प्रश्न. घरी ती सांगत नाही, ऑफिसात सांगायची सोय नाही. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी यशस्वी बायकांमधली एक गुप्त भीती नोंदवली : मी खरी या लायकीची नाही, एक दिवस पकडली जाईन. त्यावर त्यांनी आवर्जून सुचवलेला उपाय म्हणजे अशा बायकांचा गट. एकीने तोंड उघडलं की बाकीच्यांची तोंडं उघडतात.

मुंबईला असा गट कुणी मुद्दाम भरवावा लागत नाही. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, आणि लेडीज डबे तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. रोज तासभर, त्याच त्या बायका, वीस ते साठ वयाच्या, खांद्याला खांदा लावून. आमच्या डब्यात बँकेतल्या एक मॅनेजरबाई आहेत, दोन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांनी एकदा सहज सांगितलं, "पहिले सहा महिने मी रोज जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडायचे." संगमेश्वरची मुलगी हातातला डबा तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही?" एवढंच म्हणाली.

एक मात्र ठामपणे सांगते. दोन आठवड्यांच्या वर झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आत्मविश्वासाचा प्रश्न नाही. तिथे डॉक्टर हवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोन चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

संगमेश्वरची ती मुलगी डब्यात पहिल्यांदा विचारायला बोलली ते त्याच वर्षी जुलैमध्ये. पाऊस होता, गाडी दिवा स्टेशनच्या पुढे रखडलेली, खिडक्या बंद, डब्यात ओल्या ओढण्यांचा वास. तिने घसा साफ केला आणि एका बाईंना विचारलं, "कुठे उतरणार?" आवाज इतका बारीक, की त्यांनी "काय?" केलं. मला वाटलं, संपलं. तिने पुन्हा विचारलं. "दादर." पुढच्या बाईला विचारलं. "घाटकोपर. ये, इथे उभी राहा." डब्यात कुणीही मान वर केली नाही.

यंदाच्या जूनमध्ये ती खिडकीत बसली होती. ठाण्याला चढलेली एक नवी मुलगी दांडी धरून तिच्यासमोर उभी, ओठ हलतायत पण आवाज नाही. हिने फोन बाजूला ठेवला.

"भायखळा," ती म्हणाली. "पण त्या निळ्या ड्रेसवाल्या ताई आहेत ना, त्यांना विचार. मोठ्याने."