पोटगीतील रोखेतर खर्चाची वजावट

विभक्त झालेल्या आईबापांपैकी ज्याच्यावर अपत्याच्या पोटगीची जबाबदारी आहे, त्याने रक्कम हाती न देता शाळेची फी, औषधपाणी, घरभाडे, विम्याचा हप्ता किंवा कपडेलत्ते यांवर परस्पर केलेला खर्च पोटगीच्या देण्यात जमा धरणे. भारतीय कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम नाही. इंदूरच्या मराठी कुटुंबांचे असे वाद कुटुंब न्यायालयात हिंदीतून, ‘भरण-पोषण’ या नावाने चालतात.

वृद्ध आईबाप, साध्वी पत्नी आणि लहान मूल यांचे पोषण शंभर अकार्ये करूनही करावे, या आशयाचे वचन मिताक्षरेत (याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची टीका, अकराव्या शतकाची अखेर किंवा बाराव्याचा आरंभ) मनूच्या नावे येते. मनुस्मृतीच्या सर्व पाठांत ते आढळत नसल्याने ते मिताक्षरेने मनूच्या नावे दिलेले वचन म्हणणे अधिक सुरक्षित. एकत्र कुटुंबातले हे पोषण मुख्यतः अन्नवस्त्राच्याच रूपात असे. दरमहा ठरावीक रकमेची कल्पना ब्रिटिश फौजदारी प्रक्रियेतून रुजली असावी. १८९८ च्या संहितेतील कलम ४८८ हे तिचे परिचित रूप.

हा दुहेरी वारसा आजच्या कायद्यातही दिसतो. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम ३ मध्ये निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार येतात. उलट १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) मासिक रकमेचीच भाषा करते. तिच्यावरील ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये उठली. पहिली तरतूद हक्काचा आशय सांगते व दुसरी वसुलीची रीत, असे मानणे सयुक्तिक.

हुकूमनाम्याच्या (दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाच्या) अंमलबजावणीत नियम कडक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ नुसार न्यायालयाबाहेर केलेला भरणा किंवा समायोजन प्रमाणित वा नोंदलेले नसेल, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ते विचारात घेत नाही. नोंदीसाठी ऋणकोला (हुकूमनाम्याप्रमाणे देणे असणाऱ्याला) मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२५ खाली ३० दिवस मिळतात (पोटगीच्या कलम १२५ शी याची गल्लत होऊ नये). कलम १४४ ची थकबाकी मात्र वॉरंटने वसूल होते. अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो, आणि वसुली न झाल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. फीच्या पावत्या येथे रक्कम न भरण्याचे ‘पुरेसे कारण’ म्हणून पुढे केल्या जातात.

एका देण्याने दुसरे फिटते का, हा प्रश्न इंदूरमधूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता, जरी तो अपत्याचा नव्हता. शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम स्त्रीने पतीकडे मागितलेल्या पोटगीच्या प्रकरणात इंदूरच्या दंडाधिकाऱ्याने १९७९ मध्ये दरमहा २५ रुपये ठरवले. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. इद्दतीच्या (घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षेच्या) काळात ३,००० रुपये मेहर (विवाहाच्या निमित्ताने पतीने पत्नीला द्यायची रक्कम) न्यायालयात भरल्याचा पतीचा बचाव २३ एप्रिल १९८५ च्या निकालात टिकला नाही: मेहर हे घटस्फोटामुळे देय होणारे देणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आधीच्या कार्यवाहीत मंजूर झालेली पोटगी नंतरच्या कार्यवाहीत वळती करण्याची वाट स्पष्ट झाली. शिक्षणखर्च सामान्यतः पित्याने, आई पुरेशी कमावती असल्यास प्रमाणात वाटून उचलावा, आणि शिकवणीचा खर्चही हिशेबात धरावा, असेही त्यात आहे. म्हणून मूळ आदेशाची फोड निर्णायक ठरते. इंदूरच्या रामबागेत आईजवळ राहणाऱ्या मुलीच्या मासिक रकमेतच भंवरकुआँ भागातल्या कोचिंगची फी धरलेली असेल, तर पित्याने ती परस्पर भरल्यावर वजावट मागणे रास्त आहे. फी वेगळी लादलेली असेल तर नाही. वाढदिवसाची सायकल किंवा मोबाइल ही भेटच. तिच्यापोटी महिन्याचा किराणा कापणे मुलीवर अन्याय आहे, कारण दूध, भाजी आणि वीजबिलाला रोखच लागते. परिस्थिती बदलली असल्यास रकमेत फेरबदलासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली अर्ज करता येतो. तोवर आदेशातली रक्कम देय राहते.