स्थिर पात्याचा चाकू : आराखडा आणि घडण

ज्याचे पाते मिटत नाही, मुठीत कायमचे बसवलेले असते, असा चाकू. लाकूड तासणे, दोर कापणे, शिकार किंवा मासे सोलणे अशा रानातल्या कामांना तो वापरतात. मिटणाऱ्या चाकूचा सांधा जोर पडल्यावर ढिला होतो; इथे सांधाच नसतो.

पात्याची लांबी साधारण ९ ते १२ सें.मी. पुरते. जाडीबाबत मात्र नवशिके हमखास फसतात. भक्कमपणासाठी ते ६ मि.मी.ची पट्टी घेतात आणि हाती येते ती कापण्याऐवजी फाडणारी पाचर. चाकू कापतो तो धारेलगतच्या बारीकपणामुळे, म्हणून ३ ते ४ मि.मी. भरपूर झाली. पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतार दिला की पाते सर्व कामांना चालते. स्कँडी पद्धतीत खालच्या भागालाच एक रुंद उतार असतो. तो दगडावर सरळ टेकत असल्याने धार लावणे सोपे जाते, आणि लाकूडकामात हे पाते उत्तम चालते. पाठीच्या कडा काटकोनी ठेवल्यास फेरो रॉडवर (ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीवर) घासून ठिणग्या पाडता येतात.

पोलाद १०९५, ओ१ किंवा ५१६० या स्टेनलेस नसलेल्या प्रकारांपैकी घेतात. स्टेनलेस पोलादाला सुमारे १०५० अंश सेल्सिअसचे नियंत्रित तापमान लागते, त्यामुळे साध्या भट्टीत त्याच्या नादी लागू नये. पट्टी कापून, कानशीने आकार देऊन रिव्हेटची भोके आधीच पाडून घ्यावीत, कारण पाते कठीण झाल्यावर ड्रिल चालत नाही. धारेची कड या टप्प्यावर अर्धा ते एक मि.मी. जाड ठेवतात, अगदी पातळ कड तापवताना वाकते किंवा तडकते.

चाकूचा खरा कस लागतो तो पाणी देताना, म्हणजे तापवलेले पाते एकदम थंड करून कठीण करताना. पाते तापत जाते तसे सुमारे ७७० अंशांवर त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते. १०९५ला याहून थोडे अधिक, ८०० अंशांच्या आसपास, तापवून ५०–६० अंश कोमट तेलात टोकाकडून सरळ बुडवतात. या पोलादाला जेमतेम सेकंदभराचा अवधी असतो; हात रेंगाळला तर पाते मऊच राहते. परीक्षा सोपी आहे : वरची काजळी काढून कानस फिरवली की ती न चावता काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. पण असे पाते ठिसूळ असते, खाली पडले तर तुटू शकते. म्हणून लगेच ते ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवतात. घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट सोनेरी रंग चढतो आणि कठीणपणा ५८ ते ६० रॉकवेल सी (कठीणपणाचे माप) यांच्या घरात स्थिरावतो. पुढे यंत्राच्या घासपट्टीवर (बेल्टवर) घासताना हातमोजे न घालता पाते धरावे आणि चटका बसण्याआधीच पाण्यात बुडवावे. कडेवर निळी झाक दिसली तर तिथला कठीणपणा गेला असे समजावे.

मुठीसाठी लाकूड, शिंग किंवा मायकार्टाचे (राळेत घट्ट केलेल्या कापडाच्या थरांचे) दोन फाळके एपॉक्सी आणि पितळी पिनांनी बसवतात. शिकंजा फार आवळू नये, सगळा एपॉक्सी बाहेर येतो. मुठीचा छेद गोल नको, लंबगोल हवा, म्हणजे अंधारातही धार कोणत्या बाजूला आहे ते बोटांना कळते.

म्यान ३ मि.मी.च्या, वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेल्या चामड्याचे करतात. शिवणीत चामड्याची जादा पट्टी घालणे आवश्यक आहे. ती नसेल तर धार टाके कापते. साध्या कार्बन पोलादाचा चाकू मात्र महिनोन्‌महिने म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पाते गंजते. तेलाचा हात फिरवून तो उघडाच ठेवावा.