आयटीतील सक्तीच्या हजेरीची पार्श्वभूमी

आयटी कंपन्यांनी कार्यालयातील हजेरी सक्तीची करण्यावरून वाद आहे. पण कर्मचाऱ्यांना घरून परत कार्यालयात बोलावण्याची पद्धत कोरोनाआधीची आहे. अमेरिकेतील एका मोठ्या इंटरनेट कंपनीने २०१३ मध्येच तसा आदेश काढला होता. भारतात हा प्रश्न तेव्हा फारसा उद्भवला नाही, कारण घरून काम देण्याच्या आड दूरसंचार खात्याच्या अटी येत होत्या आणि विशेष आर्थिक क्षेत्रातील (एसईझेड) कंपन्यांच्या युनिटची करसवलत त्या जागेतून होणाऱ्या कामाशी बांधलेली होती. दूरसंचाराच्या अटी नोव्हेंबर २०२० मध्ये बऱ्याच सैल झाल्या. आर्थिक क्षेत्रांसाठी मात्र जुलै २०२२ मध्ये नवा नियम आला. त्यात निम्म्या कर्मचाऱ्यांना एक वर्षापुरती घरून कामाची मुभा मिळाली. डिसेंबरात निम्म्याची अट उठली आणि मुदत आधी २०२३ अखेरपर्यंत, नंतर २०२४ अखेरपर्यंत वाढली. ही सवलत दर वेळी तारीख घालूनच मिळत आली, हे आजच्या वादात सहसा कोणी सांगत नाही.

देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने एप्रिल २०२० मध्ये सांगितले होते की, २०२५ पर्यंत फक्त पाव मनुष्यबळ कार्यालयात असले तरी पुरेल. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी मागितली आणि २०२४ मध्ये व्हेरिएबल पे, म्हणजे वेतनाचा कमी-जास्त होणारा भाग, हजेरीला जोडला. तिमाहीत ६० टक्क्यांहून कमी हजेरी असल्यास काहीच नाही, ६० ते ७५ टक्क्यांना निम्मा, ७५ ते ८५ टक्क्यांना पाऊण आणि त्यापुढे पूर्ण, अशी ती वर्गवारी होती. खरा वाद या निर्णयाचाच आहे. व्हेरिएबल पे ऑफर लेटरमधल्या सीटीसीत, म्हणजे कंपनीला कर्मचाऱ्यामागे होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चात, धरलेला असतो, त्यामुळे कर्मचारी तो पगाराचाच भाग समजतो. कंपनीच्या लेखी ते कामगिरीवर अवलंबून असलेले बक्षीस असते. पण कार्ड स्वाइप केल्याने माणूस जागेवर आहे एवढेच कळते, त्याने काम काय केले ते कळत नाही, आणि म्हणून कामगिरीच्या नावाखाली हजेरी मोजली जाते हा आक्षेप रास्त वाटतो. नवख्यांना ज्येष्ठांच्या शेजारी बसूनच काम शिकता येते, या कंपन्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

‘परतणे’ हा शब्दही फसवा आहे. २०२० ते २०२२ या काळात रुजू झालेल्या अनेकांनी आपले बेस लोकेशन, म्हणजे नेमणुकीचे कार्यालय, फक्त नियुक्तिपत्रातच पाहिले होते. कोल्हापूर किंवा नांदेडला राहून काम करणाऱ्यासाठी हा आदेश म्हणजे वाकड-हिंजवडीत डिपॉझिट भरून नवे बिऱ्हाड थाटणे होते. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन २०१८ मध्ये झाले होते. पाच दिवसांचा आदेश निघाला तेव्हाही तिचे काम चालूच होते.

कंपन्यांच्या दृष्टीने राजीनाम्यांचा मुद्दा मोठा आहे. चीनमधील एका पर्यटन कंपनीत सुमारे १,६०० कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीवर परिणाम दिसला नाही. पूर्णवेळ घरून काम करण्याबद्दल मात्र त्यातून काही सिद्ध होत नाही.

२०२० च्या अखेरीस आलेल्या, सेवा क्षेत्रासाठीच्या आदर्श स्थायी आदेशांच्या (सरकारने तयार केलेल्या नमुना सेवाशर्तींच्या) मसुद्यात घरून कामाचा उल्लेख होता, पण नियुक्तीच्या अटी किंवा परस्पर करार यांच्या अधीन राहून मालकाला तशी मुभा देता येईल, एवढाच. त्यामुळे व्हेरिएबल पेचा वाद फिरून ऑफर लेटरच्या मजकुरावरच येतो.